रिकामा पाच नंबर

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात यंत्रांचे लाड असतात. भोसरीपासून चाकणपर्यंत लेथवर झेंडू, प्रेसवर झेंडू, फोर्कलिफ्टच्या दोन्ही काट्यांना झेंडू आणि कंपनीच्या दारात फोडलेला कोहळा. संत तुकाराम नगरात माझं जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचं दुकान आहे. त्या दिवशी शेजारच्या सुमनताई न चुकता येतात आणि माझ्या सोल्डरिंग गनला फूल वाहून जातात. पहिल्या वर्षी अम्मीनं नाक मुरडलं होतं. आता ताईंना उशीर झाला तर तीच विचारते, "अजून फूल कसं नाही आलं?"

मी स्वतः यंत्राला देव मानत नाही आणि भूतही मानत नाही. वायर सैल असते किंवा नसते. पंचवीस वर्षं मी या एका वाक्यावर पोट भरलंय. पुढे जे सांगणार आहे, त्यातही आधी मी सैल वायरच शोधत होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, शालनमावशींचा फोन आला. शालनबाई शेवकरी चाकणच्या जुन्या गावठाणातल्या. बावीस वर्षं एका कंपनीत असेंब्लीच्या लाइनवर उभ्या राहिल्या आणि निवृत्त झाल्यापासून आमचं कामगार रक्तदाता मंडळ सांभाळतात. कुणाला रक्त लागलं की फोन त्यांच्याकडे येतो, त्या यादी उघडतात आणि योग्य माणसाला कामावरून उठवून आणतात. फोनवर बोलताना त्यांना फोनची गरज असते असं मला कधी वाटलं नाही, इतका आवाज मोठा. त्या दिवशी मात्र मला कान लावून ऐकावं लागलं.

"सादिका, पोरी, लगेच ये. मशीन उठत न्हाई. आन् म्याच कायतरी करून ठेवलंया."

मंडळाची खोली चिंचवड स्टेशनच्या मागच्या बाजूला, पत्रे दाबणाऱ्या एका प्रेस शॉपच्या शेडला चिकटून आहे. पलीकडे प्रेस पडली की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. खोलीत एक लोखंडी टेबल, दोन खुर्च्या, शिबिरांचे फोटो आणि कोपऱ्यात तो जुना सर्व्हर, कमरेइतका उंच, करड्या रंगाचा. मला दुरुस्ती शिकवणाऱ्या बरकतचाचांनी तो एका बंद पडलेल्या कंपनीतून मागून आणला होता. तीस वर्षांच्या शिबिरांची सगळी नावं, गट आणि पत्ते त्याच्यात होते.

मी पोचले तेव्हा त्याचं झाकण निघालेलं होतं. आत झेंडूची माळ होती, कापराचा वास होता आणि पाचही हार्ड डिस्कवर हळदकुंकवाची बोटं होती. मावशी खुर्चीत बसल्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"आमच्या कंपनीत खंडेनवमीला मशीन आतून पुसायची," त्या म्हणाल्या. "वरनं पुसलं तर सुपरवायझर वराडायचा. म्हनून म्या बुधवारी हे बी उघडलं. एकेक डबी काढली, ओल्या फडक्यानं पुसली, कुंकू लावलं. एक हातातनं पडली बग. त्यांच्या पाठीला ह्या काळ्या काळ्या टोप्या व्हत्या. मला वाटलं घान बसलीया."

त्यांनी वाटी पुढे केली. वाटीत अक्षता होत्या आणि अक्षतांमध्ये तांदळाएवढ्याच पाच काळ्या टोप्या होत्या. त्यांनी त्या टाकल्या मात्र नव्हत्या, देवाजवळ जपून ठेवल्या होत्या.

मला हसू आलं असतं. पण मावशींनी पुढचं सांगितलं.

त्यांची सून अपेक्षा नवव्या महिन्यात होती. गर्भाची वार खाली सरकलेली, म्हणून सोमवारी सिझेरियन ठरलेलं, आणि रक्तस्राव होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं. तिच्या कार्डावर गट 'ओ' होता. बुधवारी संध्याकाळी हॉस्पिटलनं रक्त जुळवून पाहिलं तर 'ओ'ची एकही पिशवी जुळेना. पुन्हा तपासलं तेव्हा कळलं की तिचा गट 'बॉम्बे' आहे. हा गट लाखात दहा जणांचा. वरवर 'ओ' वाटतो, पण 'ओ'चं रक्त दिलं तर जिवावर बेततं. बॉम्बेला बॉम्बेच लागतं. दसऱ्याचा अख्खा दिवस रक्तपेढीनं फोन केले. एक दाता परदेशी, एकानं महिन्यापूर्वीच दिलेलं, एकाचा फोन बंद.

"आपल्या यादीत हायेत," मावशी म्हणाल्या. "चाचा प्रत्येक 'ओ' दोनदा तपासून घ्यायचे, आठवतंय न्हवं? नावं म्याच टाईप केल्याती. पर आता याद येत न्हाईत गं."

सोमवारपर्यंत दोन पिशव्या हव्या होत्या. नाहीतर अपेक्षा टेबलावर रिकाम्या हातानं जाणार होती.

चूक एकट्या मावशींची नव्हती. यादी नव्या कॉम्प्युटरवर घेते, असं मी दोन वर्षांपूर्वीच म्हटलं होतं. 'दिवाळीनंतर करू' म्हणत मी दोन दिवाळ्या घालवल्या. चाचांनी काढून ठेवलेल्या सीडींना बुरशी लागली होती आणि कागदी फॉर्म केव्हाच रद्दीत गेले होते. मावशींना बोलायला मला तोंड नव्हतं.

आता हे यंत्र कसं चालतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. या जुन्या पद्धतीला स्कझी म्हणतात. एकच लांब पट्ट्यासारखी केबल आणि तिच्यावर ओळीनं बसलेल्या डिस्क. चाचा म्हणायचे, ही पंगत आहे, ज्याला त्याला आपला पाट हवा. म्हणून प्रत्येक डिस्कला नंबर देतात, शून्यापासून सातपर्यंत. सात हा वाढणाऱ्याचा, म्हणजे केबल जिथून निघते त्या कार्डाचा. दोघांना एकच नंबर दिला तर दोघं एकदम बोलतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही. केबलच्या शेवटी एक बूच लावतात, त्याला टर्मिनेटर म्हणतात. ते नसेल तर आवाज परत फिरतो आणि नसलेली माणसंही पंगतीत दिसू लागतात. त्या काळ्या टोप्या कोणत्या पिनांवर बसवल्या त्यावरून डिस्कचा नंबर ठरतो. त्या काढल्यावर पाचही डिस्क स्वतःला शून्य समजू लागल्या होत्या.

बरकतचाचांनी मला हे शिकवलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मुलीला हातात स्क्रू-ड्रायव्हर द्यायला बाजारात दुसरं कुणी तयार नव्हतं. चाचा म्हणाले होते, "हाताला कुठे कळतं हात कुणाचा आहे?" आज घरात जी चूल पेटते ती त्या वाक्यावर. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, आणि दुकानाचं शटर वर करताना मी अजून त्यांचं नाव घेते.

या सर्व्हरमध्ये त्यांनी शून्य ते चार नंबर डिस्कना दिले होते. पाच नंबर मोकळा ठेवला होता. सहावर नकला घ्यायची टेप होती, ती पुढे काढून टाकली. पाच मोकळा का, असं मी एकदा विचारलं होतं. चाचांनी चहाचा घोट घेतला आणि विषय बदलला.

मी कामाला लागले. टोप्या पाच होत्या आणि शून्य ते चार नंबर लावायला बरोबर पाचच लागतात. प्रश्न एवढाच की कोणती डिस्क कितवी. पाचांचे एकशेवीस क्रम होतात. चाचा प्रत्येक डिस्कच्या पोटाला पेन्सिलीनं आकडा लिहायचे. मी पहिली डिस्क उलटी केली. पोट लख्ख होतं.

"ते बी पुसलं," मावशी अगदी हळू म्हणाल्या. "पेन्सिलचं व्हतं. म्हनलं कुनीतरी गिरगुटलंय."

मी डोळे मिटले आणि मग उघडले, कारण मिटून काही होणार नव्हतं. समोर पाच डिस्क ओळीनं वर्तमानपत्रावर होत्या. पहिलीवरचं कुंकू जाड, वाळून पापुद्रा आलेलं. दुसरीवर फिकट गुलाबी. तिसरीवर लाल. मी पुन्हा पाहिलं.

"मावशी, कुंकवात बोट कितीदा बुडवलं?"

"एकदाच. देवापुढची वाटी, सारखं काय बुडवायचं?"

"आणि डिस्क कोणत्या बाजूनं काढल्या?"

"वरनं. काडली, पुसली, लावलं. काडली, पुसली, लावलं. मागनं हाताला येतील तशा बसवल्या."

चाचा नेहमी वरून खाली नंबर देत. सर्वांत जाड कुंकू म्हणजे शून्य, मग लाल, मग थोडं कमी, मग पुसट, आणि जिच्यावर नुसती बोटाची गुलाबी छाया ती चार. ज्या पूजेनं घोळ घातला होता तिनंच क्रम लिहून ठेवला होता. मी मावशींना मिठी मारली. त्यांना कारण कळलं नाही, पण त्यांनी माझी पाठ थोपटली.

आनंद दहा मिनिटं टिकला. एकेक डिस्क वेगळी लावून पाहिली, तेव्हा पडलेली डिस्क, तीन नंबरची, फिरायलाच तयार नव्हती. एक नंबरची फिरत होती, पण आत टक टक टक असा आवाज करून थांबत होती. ती वयानं गेली होती. चाचांनी पाचांची मांडणी अशी केली होती की एक मेली तरी उरलेल्या चौघी मिळून तिच्या वाट्याचं सांगू शकतात. दोन मेल्या की गोष्ट संपली. कितीही पदव्या घेतलेला माणूस आणा, तीन डिस्कमधून ती यादी निघत नाही.

हे मावशींना कसं सांगावं ते मला सुचेना. म्हणून मी नंबर लावून तिन्ही चांगल्या डिस्क जागेवर बसवल्या, टर्मिनेटर तपासला आणि मशीन सुरू केलं. सुरू होताना कार्ड केबलवरच्या प्रत्येक नंबराला हाक मारतं आणि जो ओ देईल त्याचं नाव पडद्यावर लिहितं.

शून्य. दोन. चार.

मग थोडं थांबून, पाच.

शून्य, दोन आणि चारपुढे कंपनीचं नाव होतं, मॉडेल होतं. पाचपुढे नावाची जागा कोरी होती. आकार मात्र इतरांएवढाच.

मी मनात म्हटलं, टर्मिनेटर. पिशवीतून नवा काढून लावला. पाच होता. मग केबल बदलली. पाच होता. टोप्या भिंगातून पाहिल्या, एकही चुकीची नव्हती. पाच नंबरच्या जागी हात घालून पाहिलं. तिथं लोखंडी कप्पा होता आणि कप्प्यात धूळसुद्धा नव्हती, कारण मावशींनी पुसली होती.

मी तिन्ही डिस्क केबलवरून काढल्या. आता केबलवर काहीच नव्हतं. मशीन सुरू केलं.

शून्य नाही. एक नाही. दोन, तीन, चार नाही.

पाच.

पलीकडे प्रेस पडत होती, कॅलेंडर हलत होतं. मावशींनी माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे पाहिलं.

"काय झालं गं?"

"एक जास्तीचं दिसतंय, मावशी."

"मंग कमी पडन्यापरीस बरंच की," त्या म्हणाल्या.

मी केबलच कार्डावरून उपटली. आता हाक जायला रस्ताच नव्हता. कार्डानं नंबर मोजायला सुरुवात केली. चारच्या पुढे ते बराच वेळ थांबलं. इतका वेळ ते कधी थांबत नाही. जिन्यावरून कुणी वयस्कर माणूस वर येतंय आणि आपण दार उघडं धरून उभे आहोत, तसं मला वाटलं.

पाच.

खरं सांगायचं तर उठून घरी जावंसं वाटलं. मागे वळून पाहिलं तर मावशी हात जोडून बसल्या होत्या. देवाला नाही, मला.

मी केबल परत लावली. तिन्ही डिस्क बसवल्या. मशीन सुरू केलं आणि कार्डानं विचारलेल्या प्रश्नाला 'आहे तसं चालव' असं उत्तर दिलं.

पडद्यावर आलं: पाचपैकी चार हजर, एक गैरहजर. यादी उपलब्ध.

यंत्रं खोटं बोलतात, ते मी रोज पाहते. पण आपल्या बाजूनं खोटं बोलताना मी एकही यंत्र पाहिलेलं नव्हतं.

लॅपटॉपला वायर जोडली आणि नक्कल सुरू केली. एक वाजला. पलीकडे जेवणाची सुट्टी झाली, प्रेस थांबली आणि खोली एकदम शांत झाली. मग मला डिस्क ऐकू यायला लागल्या. तिन्हींचे सूर मला पाठ होते, नुकत्याच एकेक करून ऐकलेल्या. त्यांच्या खाली चौथा सूर होता, जरा जाडसर, संथ.

मी रिकाम्या कप्प्यात हात घातला.

आत ऊब होती. दूध नुकतंच उतरवलेल्या पातेल्याला बाजूनं हात लावल्यावर लागते तेवढी. हात काढून घ्यावा की ठेवावा हे मला कळेना. मी ठेवला.

एक वाजून पन्नास मिनिटांनी नक्कल पूर्ण झाली. चौथा सूर हळूहळू उतरत गेला आणि थांबला. बाकीचे तीन चालूच होते. कप्पा थंड पडला.

"शुक्रिया," मी म्हटलं. कुणाला, ते मला आजही सांगता येणार नाही. पण मनापासून म्हटलं.

यादी उघडून 'बॉम्बे' शोधलं तर चार नावं निघाली. पहिल्याच्या नावापुढे मावशींनीच 'वारले' लिहिलं होतं. दुसरे भिमाजी नावाचे गृहस्थ, आता बहात्तर वर्षांचे, त्यांचं रक्त घेता येत नव्हतं. तिसरा दुबईला. चौथं नाव होतं नौशाद शेख, माण, आणि पुढे मोबाइल नंबर.

मावशींनी चष्मा नाकावर खाली ओढला. "ही नोंद म्या न्हाई केली."

"मग कुणी केली?"

"दुसरं कोन करतंय? म्याच करती सगळ्या. पर ही न्हाई."

मी नंबर लावला. दोन रिंगमध्ये उचलला. मागे मोठ्या यंत्रांचा आवाज होता. नौशाद माणला बांधकामांवरचे जेसीबी दुरुस्त करतो. मी मंडळाचं नाव सांगितलं, काम सांगितलं.

"आपा, काहीतरी चूक होतेय," तो म्हणाला. "म्या कधी रक्त दिलंच नाही. गटबी माहीत नाही मला. परभणीहून येऊन दोन वर्षं झाली, अन् हे सिम तर आत्ता रमजानमध्ये घेतलंय."

मी ती नोंद पुन्हा एकदा वाचली आणि फोन मावशींकडे दिला. मावशींनी मात्र एका दमात सगळं सांगितलं. सून, वार, सोमवार. पलीकडची यंत्रं बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

"यादीत आहे म्हणता ना माझं नाव?" तो म्हणाला. "मग येतोच की, मावशी. तपासून तर बघा."

तासाभरात तो आला. ग्रीसनं काळे झालेले हात त्यानं रक्तपेढीच्या नळाखाली तीनदा धुतले. तपासणीला गेला, आणि थोड्या वेळानं तिथल्या बाई आतून जवळजवळ पळतच आल्या. गट बॉम्बे होता. त्याच्या सख्ख्या बहिणीलाही तो असू शकतो म्हणून तिलाही बोलावलं. सना चिखलीला राहते, शिवणकाम करते. तिचाही तोच निघाला. शनिवारी दुपारपर्यंत दोन्ही पिशव्या अपेक्षाच्या नावानं फ्रीजमध्ये होत्या.

सोमवारी दोन्ही लागल्या. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या की एकीवर भागलं नसतं. मुलगी झाली, अडीच किलोची, आणि तिचा गट साधा, बी पॉझिटिव्ह. सार्थक, म्हणजे अपेक्षाचा नवरा, भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मावशींनी नौशादच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. इतक्या जोरात की नर्सनं वळून पाहिलं. मी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि जेवढी नावं आठवली तेवढ्या सगळ्यांचे आभार मानले. चाचांचे, नौशादचे, सनाचे, कुंकवाचे. आणि पाच नंबरचे.

मंगळवारी मी एकटीच खोलीवर गेले आणि मशीन पुन्हा सुरू केलं. शून्य, दोन, चार. पाच आला नाही. कार्ड म्हणालं, पाचपैकी तीन हजर, यादी मिळणार नाही. सहा वेळा करून पाहिलं. शेवटी मी डिस्क काढून कापडात गुंडाळल्या आणि कपाटात ठेवल्या.

बाराव्या दिवशी चाकणला बारसं झालं. नाव आत्यानं ठेवायचं होतं. सार्थकची बहीण करिष्मा मोठी हट्टी. तिनं नाव कुणालाच कळू दिलं नव्हतं. त्या सकाळपर्यंत तिचं स्वतःचंच ठरत नव्हतं, हे ती नंतर हसत हसत सांगत होती. पाळण्याशी वाकून तिनं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मग मोठ्यानं सांगितलं, "मृण्मयी." बायका म्हणाल्या, अवघड आहे, पण गोड आहे. मी घुगऱ्या खाल्ल्या, दोनदा मागून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आणि मी मंडळाच्या खोलीत बसलो. नवा कॉम्प्युटर मी आणून लावला होता. नक्कल केलेली यादी त्या शुक्रवारपासून कुणी उघडली नव्हती. नौशादनं आणि सनानं दिलेल्या रक्ताची नोंद राहिली होती.

"खाली जा, नवी ओळ घे," मावशी म्हणाल्या.

मी यादीच्या तळाशी गेले. तिथे एक ओळ आधीच होती.

मृण्मयी सार्थक शेवकरी, चाकण. बी पॉझिटिव्ह. रक्त दिल्याची तारीख १४ जानेवारी २०४४.

मी फाइलची वेळ पाहिली. शुक्रवार, दुपारी एक पन्नास. त्या वेळी हे बाळ जन्मलंही नव्हतं.

मग 'कोणासाठी' हा रकाना पाहिला.

सादिका मुलाणी.

माझा गट बी पॉझिटिव्ह आहे. त्या साली मी त्रेसष्ट वर्षांची असेन.

भीती वाटली, नाही कशाला म्हणू? पण तिच्याआधी डोळे भरून आले. काल पाळण्यात मूठ चोखत पडलेली पोरगी, आणि तिनं माझ्यासाठी हात पुढे केलेला.

या यादीत उजवीकडे आणखी एक रकाना असतो, तो पडद्याच्या बाहेर जातो. रक्त दिल्यानंतर तीन दिवसांनी मावशी पेशंटच्या घरी फोन करतात आणि पेशंट कसा आहे ते तिथं लिहितात. उजवीकडचा बाण एकदा दाबला की तो दिसतो. माझं बोट बाणावर होतं. मी ते उचललं आणि खुर्चीवरून उठले.

"मावशी, अपेक्षाची नोंद तुम्हीच करा."

मावशी बसल्या. चष्मा लावला. पडद्यावर बोट टेकवून ओळ वाचू लागल्या, आणि नातीच्या नावाशी बोट थांबलं. ते पुन्हा पुढे सरकलं. मग त्यांनी बाण दाबला.

मी पडद्याकडे पाहिलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. मग पडदा बंद करून माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मला वाकावं लागलं.

"दर संक्रांतीला आमच्याकडं येत जा, पोरी," त्या म्हणाल्या. "उरल्याती तेवढ्या."